कॅलिफोर्नियातली सत्कार्याची नंबरप्लेट: अर्ज नेमका कुठे अडतो

कॅलिफोर्नियात गाडीला नेहमीच्या नंबरप्लेटऐवजी देवमाशाच्या शेपटीचं चित्र असलेली, योसेमिटी राष्ट्रीय उद्यानातल्या डोंगराची किंवा लहान मुलांच्या सुरक्षिततेसाठीची प्लेट लावता येते. त्यासाठी थोडे जादा पैसे भरावे लागतात आणि प्रशासकीय खर्च जाऊन उरलेली रक्कम ठरलेल्या कामाला जाते. अर्ज दिसायला साधा आहे. तरीही ओळखीतल्या मराठी कुटुंबांना तो भरून देताना माणसं कुठे ठेचकाळतात हे मी बरंच पाहिलंय. जिथे अडतं तिथे मी सविस्तर लिहिणार आहे आणि सोप्या पायऱ्या एका ओळीत उरकणार आहे.

आधी पैसे कुठे जातात ते सांगते, कारण प्लेट त्यावरूनच निवडायची. देवमाशाच्या शेपटीची, म्हणजे ‘व्हेल टेल’ प्लेट किनारा आयोगाची आहे. तिच्या पैशातून समुद्रकिनाऱ्यांची सफाई होते आणि शाळकरी मुलांना किनाऱ्याची ओळख करून देणाऱ्या उपक्रमांना अनुदान मिळतं. ‘किड्स’ प्लेटचे पैसे मुलांचे अपघात आणि मुलांवरचे अत्याचार रोखण्याच्या कामाला जातात. ‘पेट लव्हर्स’ प्लेटमधून कुत्र्या-मांजरांच्या नसबंदीला मदत होते, तर स्तनाच्या कर्करोगाबद्दलच्या गुलाबी प्लेटमधून कमी उत्पन्नाच्या स्त्रियांच्या तपासणीला. काळ्या पाटीवर पिवळी अक्षरं असलेली ‘नाइन्टीन सिक्स्टीज लेगसी’ प्लेट बरेच जण केवळ दिसायला छान म्हणून घेतात, पण तिचेही पैसे राज्याच्या पर्यावरण निधीत जातात. पसंतीच्या अक्षरांचे जादा पैसे पर्यावरणासाठी राखून ठेवायचा कायदा कॅलिफोर्नियाने १९७० साली केला आणि पुढे एकेक कारण त्यात जोडलं गेलं.

भारतातले नातेवाईक विचारतात, हे आपल्या आरटीओतल्या पसंतीच्या क्रमांकासारखंच ना? नाही. महाराष्ट्रात त्या क्रमांकासाठी भरलेली रक्कम सरकारी तिजोरीत जमा होते. ती अमुक एका कामासाठी बाजूला काढलेली नसते. शिवाय तिथल्या हाय सिक्युरिटी प्लेटवर चित्राला जागाच नाही.

पात्रतेबद्दल फार सांगण्यासारखं नाही. गाडी कॅलिफोर्नियात नोंदलेली हवी आणि नोंदणी चालू हवी. नागरिकत्व, ग्रीन कार्ड, उत्पन्न यांतलं काही लागत नाही. नोकरीच्या एच-वन व्हिसावरची माणसं उगाच बिचकतात, त्यांनी निर्धास्त अर्ज करावा. एक गोष्ट मात्र लक्षात ठेवा. पर्पल हार्ट (लढाईत जखमी झालेल्या सैनिकांसाठी), गोल्ड स्टार फॅमिली (सैन्यसेवेत मरण पावलेल्यांच्या कुटुंबांसाठी) यांसारख्या सन्मानाच्या प्लेट्स वेगळ्या असतात. त्यांचा अर्जही वेगळा, रेग १७ए, आणि त्याला पात्रतेचं प्रमाणपत्र जोडावं लागतं. सत्कार्याच्या प्लेटचा अर्ज आहे रेग १७. दोन्ही फॉर्मांची नावं इतकी सारखी ठेवायचं कारण काय, हे मला आजवर कळलेलं नाही. छापताना शेवटी ‘ए’ आलाय का, एवढं बघून घ्या.

अर्ज डीएमव्हीच्या, म्हणजे राज्याच्या वाहन खात्याच्या, संकेतस्थळावरही करता येतो. गाडीचा सध्याचा प्लेट क्रमांक आणि व्हीआयएन, म्हणजे गाडीचा स्वतःचा ओळख क्रमांक, हाताशी ठेवा. दोन्ही नोंदणीच्या कागदावर असतात. क्रमाने येणारा, म्हणजे डीएमव्ही देईल तो क्रमांक चालणार असेल, तर व्हेल टेल किंवा लेगसीसारख्या प्लेटला सुरुवातीला ५० डॉलर आणि पुढे दर वर्षी ४० डॉलर पडतात. अक्षरं आपल्या पसंतीची हवी असतील, तर सुरुवातीला १०३ आणि पुढे दर वर्षी ८३. दर बदलतात, म्हणून भरायच्या दिवशी एकदा ताडून पाहा.

या ‘दर वर्षी’पाशी माणसं फसतात. आपण देणगी दिली, काम झालं, असं त्यांना वाटतं. मग पुढच्या वर्षी नोंदणीच्या नूतनीकरणाची रक्कम फुगून आली की चुकीचं बिल आलं म्हणून धावाधाव सुरू होते. बिल बरोबर असतं. प्लेट गाडीवर आहे तोवर ही रक्कम नोंदणी शुल्काच्या वर दर वर्षी भरायचीच असते. माझं कळकळीचं सांगणं आहे की ज्यांचं बजेट ओढाताणीचं आहे, त्यांनी क्रमाने येणाऱ्या क्रमांकाचीच प्लेट घ्यावी. काम तेवढंच पुढे जातं आणि वर्षाला ४३ डॉलर वाचतात.

आता पसंतीची अक्षरं. आपल्या लोकांचे अर्ज सगळ्यात जास्त अडतात ते इथे.

फॉर्मवर तीन पसंती लिहायला जागा असते आणि प्रत्येक पसंतीपुढे तिचा अर्थ लिहायचा असतो. हा अर्थाचा रकाना सक्तीचा आहे. अर्थ उघड दिसत असला तरी लिहावा लागतो. तो कोरा असेल तर अर्ज परत येतो. इंग्रजी शब्द निवडणाऱ्याला हा रकाना दोन सेकंदांत भरता येतो, पण आपण लिहितो ‘माऊली’. रोमन लिपीत पाच अक्षरं, वाचणाऱ्या कारकुनाला काहीही बोध न होणारी. तिथे ‘विठ्ठल’ एवढंच लिहून भागत नाही, कारण तोही त्याला परकाच. नीट वाक्य लिहा: हा मराठी शब्द आहे, अर्थ आई, आणि पंढरपूरच्या देवाला व संत ज्ञानेश्वरांना प्रेमाने याच नावाने हाक मारतात. इंग्रजीत, स्वच्छ अक्षरांत. अर्ज तपासणाऱ्या माणसाला मराठी येत नाही यात त्याचा दोष नाही. पण त्याला अर्थ समजावून देणं आपल्याच हातात आहे.

याहून नाजूक प्रकार म्हणजे ज्या मराठी नावांच्या रोमन स्पेलिंगमध्ये इंग्रजी शिवी लपलेली असते ती नावं. हर्षित, शीतल, दीक्षित. हर्षितचा शेवटचा भाग इंग्रजी डोळ्याला काय दिसतो ते सांगायची गरज नाही. दीक्षित आडनाव नेहमीच्या स्पेलिंगने सात अक्षरांत बसतं आणि बरोबर तिथेच शंका घेतली जाते. आपल्या आडनावाला कुणी असभ्य म्हणावं हे मनाला लागतं, लागणारच. पण चिडून तोच अर्ज पुन्हा पाठवण्यात महिने जातात. ‘शीतल’ दुहेरी ई घालून लिहा, ‘दीक्षित’ एक्स घालून लिहा. नेहमीचं स्पेलिंगच हवं असेल, तर अर्थाच्या रकान्यात ‘माझं कायदेशीर आडनाव’ असं स्पष्ट लिहा आणि दुसऱ्या-तिसऱ्या पसंतीच्या जागी निर्धोक पर्याय द्या. तीनही जागा भरा. एकच पसंती लिहिली आणि ती नाकारली गेली, तर सगळं पहिल्यापासून करावं लागतं.

‘सुरुची आणि सभ्यतेला धरून नाही’ म्हणून अक्षरं नाकारायचा जुना निकष २०२० साली एका संघीय न्यायालयाने घटनेतल्या भाषणस्वातंत्र्याच्या विरुद्ध ठरवला. याचा अर्थ आता काहीही चालतं, असा काढू नका. अश्लील शब्द, शिव्या, कुणाचा द्वेष करणारा मजकूर आजही नाकारला जातो.

संकेतस्थळावर हवी ती अक्षरं शिल्लक आहेत का, हे पाहता येतं. तिथे ‘उपलब्ध’ असं आलं की लोक हुरळून मुलांना फोटो पाठवतात. उपलब्ध म्हणजे ती अक्षरं दुसऱ्या कुणाकडे नाहीत, इतकंच. मंजुरी ही त्यानंतरची पायरी आहे. मिळालेली प्लेटही पुढे तक्रार आली तर परत मागवली जाऊ शकते.

अक्षरं मोजताना घाई नको. साध्या पसंतीच्या प्लेटवर सात अक्षरं बसतात. ‘पुणेकर’ रोमनमध्ये बरोबर सात, ‘सातारा’ सहा, ‘सह्याद्री’ मात्र आठ. पण डाव्या बाजूला चिन्ह असलेल्या काही प्लेट्सवर सहाच मावतात, म्हणजे पुणेकरांचं तिथे जमणार नाही. आधी प्लेट ठरवा, तिची मर्यादा पाहा आणि मग शब्द शोधा. बहुतेक जण नेमकं उलट करतात.

पसंतीची प्लेट तयार झाली की तुम्ही अर्जात निवडलेल्या कार्यालयात येते आणि तसं पत्र घरी येतं. ती आणायला जाताना ते पत्र, चालू नोंदणीचा कागद आणि गाडीवरच्या जुन्या प्लेट्स न्यायच्या. प्लेट्स म्हणजे दोन, पुढची आणि मागची. सगळ्यात जास्त लोकांकडे नसतो तो हा ‘दस्तऐवज’. कायद्याने दोन्ही प्लेट्स लावणं बंधनकारक आहे, तरी पुढची प्लेट न लावता ती गॅरेजमध्ये टाकून देणारे कमी नाहीत. घर बदलताना ती कुठल्याशा खोक्यात जाते आणि नेमकी या वेळी सापडत नाही. म्हणून अर्ज टाकायच्या आधीच दोन्ही प्लेट्स शोधून ठेवा. खरंच हरवली असेल तर खिडकीपाशी जाऊन गप्प उभे राहू नका. हरवली आहे असं आपणहून सांगा आणि लेखी द्या. पत्ता बदललेला असेल तर तो आधी डीएमव्हीत कळवा, नाहीतर पत्र जुन्या घरी जाईल आणि तुम्ही इकडे वाट पाहत बसाल.

प्लेट कुणाच्या नावावर आहे आणि गाडी कुणाच्या, ही दोन वेगळी उत्तरं असू शकतात, हे पुष्कळांच्या ध्यानात येत नाही. कॅलिफोर्नियात नेहमीची प्लेट गाडीबरोबर जाते. ही विशेष प्लेट मात्र तुमच्या मालकीची असते. म्हणून गाडी विकताना ती काढून घ्या. काढली नाही तर तुमच्या नावावरची प्लेट परक्या माणसाच्या गाडीवर फिरत राहते. काढल्यानंतर ती दुसऱ्या गाडीला लावायची, नुसती जवळ ठेवायची की सोडून द्यायची, हे डीएमव्हीला कळवायचं. नुसती जवळ ठेवली तरी वार्षिक रक्कम द्यावी लागते. नवऱ्याने स्वतःच्या नावावर प्लेट घेऊन बायकोच्या गाडीला लावली, तर पुढच्या प्रत्येक बदलाला त्याची सही लागते. घरात हे आधी ठरवून टाका. लीजवरच्या गाडीची कागदोपत्री मालक लीज कंपनी असते, म्हणून अर्ज करण्याआधी तिला विचारून घ्या.

दर वर्षी एखादं तरी मंडळ विचारतं, आपल्या मराठी शाळेसाठी किंवा गावाकडच्या दुष्काळी कामासाठी अशी प्लेट काढता येईल का? कॅलिफोर्नियात नाही. २००४ साली न्यायालयाने जुनी पद्धत फेटाळली. कुठल्या संस्थेची प्लेट निघावी आणि कुठल्या संस्थेची नाही, हे विधिमंडळ आपल्या मर्जीने ठरवत होतं, हा त्यातला वादाचा मुद्दा होता. २००६ च्या कायद्यापासून फक्त राज्य सरकारची खाती नवी प्लेट सुचवू शकतात, तीही त्यांच्या स्वतःच्या कामाशी जोडलेली. शिवाय ७,५०० लोकांनी पैसे भरून आधी मागणी नोंदवावी लागते. मुदत बारा महिन्यांची आहे आणि ती आणखी बारा महिने वाढवून मिळू शकते.

या मुदतीचा चुकीचा अर्थ लावून लोक पस्तावतात. तुम्ही आगाऊ नोंदणी केली म्हणजे बारा महिन्यांत प्लेट हातात पडेल, असं नाही. त्या मुदतीत ७,५०० चा आकडा गाठायचा असतो. प्लेट छापायचं काम त्याच्या पुढचं. आकडा गाठला नाही तर पैसे परत मिळतात. म्हणून आगाऊ नोंदणीची पावती दोन वर्षं तरी जपून ठेवा. चालू असलेली प्लेटही ७,५०० च्या खाली घसरली आणि वर्षभरात सावरली नाही, तर नव्याने मिळणं बंद होतं. ज्यांच्याकडे आधीपासून आहे, त्यांना ती ठेवता येते.

दुसऱ्या राज्यातल्या भावाबहिणींचा सल्ला इथे लावू नका. टेक्सासमध्ये अशा प्लेटचे वर्षाला ३० डॉलर असतात, त्यातले २२ त्या कामाला जातात आणि तिथे खासगी धर्मादाय संस्थांच्याही प्लेट्स आहेत. फ्लोरिडात ‘चॅलेंजर’ अवकाशयानाच्या स्मरणार्थ काढलेली प्लेट १९८७ पासून मिळते आणि तिथले नियम आणखी निराळे.

नवी प्लेट लावली की त्याच दिवशी करायची दोन कामं. मागच्या प्लेटवर महिन्याचा स्टिकर वरच्या डाव्या कोपऱ्यात आणि वर्षाचा वरच्या उजव्या कोपऱ्यात चिकटवा. आणि फास्टट्रॅकच्या, म्हणजे आपोआप टोल भरायच्या, खात्यात नवा क्रमांक घाला. हे दुसरं काम राहून गेलं की पुलावरचा कॅमेरा नवी प्लेट टिपतो, ती कुठल्याच खात्याशी जुळत नाही आणि टोल चुकवल्याची नोटीस घरी येते. विमा कंपनी, ऑफिसचं पार्किंग आणि मुलांच्या शाळेतला गाडीचा परवाना यांनाही नवा क्रमांक त्याच आठवड्यात कळवा.