पोलिसांना दमवतो तो ड्युटीचा तक्ता

पोलिसांना ताण कशाचा, असं विचारलं की पाठलाग, गोळीबार, खवळलेला जमाव डोळ्यांसमोर येतो. तो ताण खराच. पण शरीराकडे त्याची सोय आहे. धोका दिसताच मूत्रपिंडांवरच्या अधिवृक्क ग्रंथी अ‍ॅड्रेनलिन हे संप्रेरक सोडतात, छाती धडधडते, पाठोपाठ कॉर्टिसॉल हे दुसरं संप्रेरक रक्तातली साखर वाढवतं. धोका टळला की हळूहळू सगळं पूर्ववत होतं.

रद्द झालेली रजा, अपुरं मनुष्यबळ, साहेबांची बोलणी, न संपणारं कागदकाम या गोष्टी मात्र टळत नाहीत. त्यांच्याशी झुंजता येत नाही, पळूनही जाता येत नाही. म्हणून संशोधक कामाच्या स्वरूपातून येणारा ताण आणि खात्याच्या कारभारातून येणारा ताण वेगवेगळा मोजतात. अनेक पाहण्यांत दुसरा पहिल्याइतकाच, कधी त्याहून जास्त छळणारा ठरला आहे.

त्यात झोपेचं खोबरं. २०११ साली अमेरिका आणि कॅनडातल्या ४,९५७ पोलिसांचा अभ्यास प्रसिद्ध झाला. सुमारे ४० टक्के जणांमध्ये झोपेच्या एखाद्या तरी विकाराची लक्षणं होती. सर्वांत जास्त होता तो झोपेत श्वास अडण्याचा विकार. अशा पोलिसांना गाडी चालवताना डुलकी लागत होती, कागदोपत्री गंभीर चुका होत होत्या आणि संशयितांवरचा राग आवरत नव्हता. म्हणजे पोलिसाची झोप हा त्याच्या एकट्याचा प्रश्न राहत नाही.

२०२० साली २४ देशांतले अभ्यास एकत्र तपासले गेले, तेव्हा साधारण दर सातांमागे एका पोलिसात नैराश्य आढळलं. आघातानंतरच्या मानसिक विकाराचं प्रमाणही जवळपास तेवढंच. धोका वाढवणाऱ्या ठळक गोष्टी दोन: कामाचा ताण आणि त्रास टाळत, दाबत राहण्याची सवय. ही सवय लागते यात नवल नाही. मन थकलंय असं सांगितलं तर शस्त्र काढून घेतील, बढती अडेल, ही भीती असतेच.

खाती मग व्याख्यानं आणि शिबिरं भरवतात. त्यांना माझा विरोध नाही, पण ती स्वस्त पडतात म्हणून भरतात असा संशय येतो. अमेरिकेतल्या डेट्रॉइट आणि आर्लिंग्टन इथे चिठ्ठ्या टाकाव्यात तशा पाळ्या वाटून पाहिल्या. दहा तासांची पाळी आणि आठवड्याला कामाचे दिवस कमी, अशी सोय मिळालेले पोलीस आठ तासांच्या पाळीतल्यांपेक्षा रोज अर्ध्या तासाहून अधिक झोपले. त्यांचा ओव्हरटाइमही घटला. बारा तासांच्या पाळीत मात्र पेंग वाढली.