दादामोनी की दादामुनी? अशोककुमार यांच्या नावामागची पार्श्वभूमी

१३ ऑक्टोबर आला की इंदूर-खंडवा पट्ट्यात किशोरकुमार यांची गाणी लागतात. १९८७ साली याच तारखेला ते गेले. मध्य प्रदेश शासनाचा त्यांच्या नावाचा सन्मानही याच निमित्ताने खंडव्यात दिला जातो. इंदूरला तर किशोर घरचेच वाटतात. ते इथल्या ख्रिश्चन कॉलेजात शिकले आणि कँटीनच्या पाच रुपये बारा आण्यांच्या उधारीची गोष्ट इथे प्रत्येक पिढी पुढच्या पिढीला सांगते. पण हीच तारीख थोरल्या भावाच्या जन्माचीही आहे. अभिनेते अशोककुमार १३ ऑक्टोबर १९११ चे. धाकटा भाऊ गेला त्या दिवशी त्यांना ७६ वर्षे पूर्ण झाली, आणि पुढे त्यांनी वाढदिवस करणे सोडले. ज्या तारखेला त्यांची आठवण निघायची तिच्यावर पुण्यतिथीची सावली पडली. आणि जी आठवण उरली आहे, ती एका चुकीच्या ऐकलेल्या शब्दाने झाकून टाकली आहे.

तो शब्द म्हणजे ‘दादामुनी’. इंदूरच्या रामबागेत, नारायणबागेत, कुठल्याही जुन्या मराठी घरात अशोककुमारांचे नाव काढा, हाच शब्द ऐकू येतो. मराठी कानाला ‘मुनी’ म्हटले की अगस्ती-वसिष्ठ दिसतात: पांढरे केस, शांत मुद्रा, उपदेशाचे दोन शब्द. वास्तविक या शब्दाचा मुनींशी काही संबंध नाही. मूळ बंगाली शब्द ‘दादामणि’. दादा म्हणजे थोरला भाऊ, मणि म्हणजे रत्न. बंगालीत पुढच्या अक्षराला इकार असला की आधीचा ‘अ’ ओकाराकडे झुकतो, म्हणून लिहिताना ‘मणि’ आणि बोलताना ‘मोनी’. नात्याच्या शब्दाला लाडाने हे ‘मणि’ जोडायची तिकडे जुनी रीत आहे. थोरली बहीण ‘दिदिमोनी’ होते, तान्हा मुलगा ‘खोकामोनी’ होतो. आपल्याकडे थोरल्याला दादा, अण्णा, फार तर दादासाहेब म्हणतात. लाड असतात ते धाकट्यांचे, सोन्या आणि राजा म्हणून. थोरल्या भावालाही लाडाची हाक मारता येते, हे मराठी कानाला चटकन सुचत नाही. हिंदी छापखान्यात ‘मोनी’चे ‘मुनि’ झाले. आपण तेच उचलले आणि मराठी रीतीने नि दीर्घ केला.

जे रूढ झाले ते चालू द्यावे, असे म्हणणारे आहेत. भाषेत असे होतच असते, हेही खरे. तरी मला ते पटत नाही, कारण या एका अक्षराने माणसाचे वय आणि स्वभाव दोन्ही बदलून टाकले. घरात भावंडे ज्याला प्रेमाने हाक मारत होती तो विशी-पंचविशीतला तरुण होता. किशोर आणि त्यांच्यात जवळपास १८ वर्षांचे अंतर; म्हणजे दादा पडद्यावर आला तेव्हा किशोर जेमतेम सहा-सात वर्षांचे, खंडव्याच्या बॉम्बे बाजारातल्या घरात. पुढे ही घरगुती हाक स्टुडिओत गेली, तिथून मासिकांत आणि तिथून सगळ्या देशात. १९८४ मध्ये दूरदर्शनवर ‘हम लोग’ सुरू झाले आणि प्रत्येक भागाच्या शेवटी पिकल्या केसांचे अशोककुमार येऊन चार शब्द सांगू लागले. शब्द आणि चित्र असे जुळले की ‘मुनी’ पक्का झाला. माझ्या पिढीची त्यांच्याशी ओळखच तिथून सुरू होते. म्हणून मागे जाणे भाग आहे.

भागलपूरचा जन्म, खंडव्यातले वकील वडील, कलकत्त्यात सुटलेला कायद्याचा अभ्यास, हे बहुतेकांना माहीत असते. मालाडच्या बॉम्बे टॉकीजमध्ये ते अभिनेता व्हायला गेलेच नव्हते. तिथे मेहुणे नोकरीला होते; यांना तंत्र शिकायचे होते आणि काम मिळाले प्रयोगशाळेत. १९३६ च्या ‘जीवन नैया’च्या वेळी नायक आणि नायिका दोघे निघून गेले, आणि नायिका स्टुडिओच्या मालकाची पत्नी होती. मेहुण्याच्या मध्यस्थीने ती परतली. नायकाला मात्र दार बंद झाले. त्याच्या जागी मालकाने प्रयोगशाळेतल्या कुमुदलाल गांगुलीला, म्हणजे अशोककुमारांना, उभे केले. जर्मन दिग्दर्शकाला ही निवड मान्य नव्हती. हा जबडा पडद्यावर चालणार नाही, असे त्याचे मत सांगितले जाते. खुद्द कुमुदलालही नाखूश होते. मालकाची ती दूरदृष्टी होती, असे नंतर लिहिले गेले. मला त्यात सावधपणा जास्त दिसतो. पगारी, शिस्तीतला, नायिकेकडे मान वर करून बघायलाही बिचकणारा मुलगा त्या घडीला मालकाला हवा होता. त्याच वर्षीच्या ‘अछूत कन्या’त हा संकोच स्पष्ट दिसतो. गाणीही त्यांनी स्वतःच म्हटली आहेत, बेतास बात.

पुढे जे घडले ते मात्र त्यांचे स्वतःचे. बोलपट येऊन पाच वर्षे झाली होती आणि नट अजून शेवटच्या रांगेपर्यंत आवाज पोचवत होते. संगीत नाटकांवर पोसलेल्या आपल्या लोकांनाही तेच सवयीचे होते. अशोककुमार खोलीत बसलेल्या माणसाशी बोलावे तसे बोलू लागले. यात एका मराठी नटीचा वाटा आहे. १९३९ चा ‘कंगन’, १९४० चा ‘बंधन’, १९४१ चा ‘झूला’, या तिन्हींत नायिका लीला चिटणीस होत्या, मराठी रंगभूमीवरून आलेल्या, पदवीधर. डोळ्यांनी बोलायला आपण त्यांच्याकडून शिकलो, हे अशोककुमारांनी मान्य केले होते. मराठीत अशोककुमारांवर लिहिताना ही गोष्ट पहिल्या परिच्छेदात यायला हवी, असे मला वाटते.

मग १९४३ चा ‘किस्मत’. ‘मुनी’ म्हणणाऱ्यांनी हा चित्रपट एकदा तरी बघावा. नायक खिसेकापू आहे. तुरुंगातून सुटतो आणि पुन्हा त्याच वाटेला लागतो. सिगारेट ओढतो, खोटे बोलतो आणि प्रेक्षकांना आवडतो. त्या काळच्या एका नामांकित इंग्रजी सिनेमासिकाच्या मराठी संपादकाने चित्रपटावर कडाडून टीका केली, गुन्हेगाराला मोठेपण दिले म्हणून. कलकत्त्यात एकाच थिएटरात चित्रपट तीन वर्षांहून जास्त चालला. त्यातले परक्यांना देशाबाहेर व्हायला सांगणारे गाणे ‘चले जाव’नंतर काही महिन्यांतच आले. शब्दांत जर्मनी-जपानची नावे असल्याने ते सेन्सॉरमधून सुटले, आणि ऐकणाऱ्यांना परके कोण ते बरोबर कळले. ते गाणे लिहिणारे कवी प्रदीप उज्जैन जिल्ह्यातल्या बडनगरचे. इंदूरकरांना त्यांची ओळख करून द्यायला नको.

तोवर बॉम्बे टॉकीजचे मालक वारले होते. मंडळी फुटली, मेहुण्यांनी गोरेगावला नवी संस्था उभी केली. अशोककुमार तिकडे गेले आणि काही वर्षांनी जुन्या स्टुडिओची जबाबदारी घेऊन परत आले. फाळणीच्या दिवसांत मुसलमान कलावंतांना कामावर ठेवल्याबद्दल स्टुडिओला धमक्यांची पत्रे येत होती. तरीही १९४९ मध्ये तिथे झालेल्या ‘महल’ची कथा आणि दिग्दर्शन एका मुसलमान लेखकाचे होते आणि नायिका मधुबाला. निर्मात्यांत स्वतः अशोककुमार. आवाज इंदुरात जन्मलेल्या लता मंगेशकरांचा. सुरुवातीला तबकडीवर गायिका म्हणून पात्राचेच नाव, ‘कामिनी’, छापले होते. ऐकणाऱ्यांनी रेडिओकडे खऱ्या नावाची विचारणा केली. त्याआधी वर्षभर, १९४८ च्या ‘जिद्दी’त, याच स्टुडिओत किशोर पहिल्यांदा पार्श्वगायक म्हणून गायले आणि देव आनंदना मोठी संधी मिळाली. किशोरने नट व्हावे अशी दादाची इच्छा होती, किशोरना गायचे होते.

यानंतरचा काळ लोकांना चांगला आठवतो, म्हणून थोडक्यात. १९५३ चा ‘परिणीता’, १९५८ मध्ये तिघा भावांचा ‘चलती का नाम गाडी’, १९६३ चा ‘बंदिनी’. १९६७ च्या ‘ज्वेल थीफ’मध्ये त्यांनी खलनायक केला, वयाच्या ५५ व्या वर्षी. १९८८ मध्ये त्यांना फाळके पुरस्कार मिळाला, किशोर गेल्यानंतर. १० डिसेंबर २००१ ला मुंबईत ते वारले. दुसऱ्या दिवशीच्या मथळ्यांतही ‘मुनी’ होतेच.

१९६८ चा ‘आशीर्वाद’ मात्र वेगळा सांगायला हवा. राष्ट्रीय पुरस्कार त्यांना याच चित्रपटासाठी मिळाला. ‘अछूत कन्या’नंतर काही वर्षांनी ज्यांनी आपल्या गाण्यासाठी दुसऱ्याचा आवाज स्वीकारला होता, त्यांनी इथे लहान मुलांना गोळा करून आगगाडीचे गाणे स्वतःच्या आवाजात म्हटले, धापा टाकत, इंजिनाच्या लयीत. गाडी भराभर स्टेशनांची नावे घेत जाते. त्यात तळेगाव-मालेगाव आहे, आणि मांडव्याच्या जोडीने खंडवाही आहे.