पॉवर व्हॉल्व्हचा स्क्रू फिरवण्याआधी

जून लागला की मुंबईतल्या ऑफ-रोडवाल्यांचे फोन सुरू होतात. कर्जतकडचे चढ भिजलेले असतात, लाल चिखल टायरच्या नक्षीत गच्च बसतो, आणि ज्याच्याकडे बाहेरून आणलेली टू-स्ट्रोक एन्ड्युरो (डोंगर-चिखलात चालवायची) गाडी आहे तो हमखास विचारतो, "पॉवर व्हॉल्व्हचा स्क्रू किती आटे आत घेऊ?" पॉवर व्हॉल्व्ह म्हणजे टू-स्ट्रोक इंजिनातून जळलेला वायू बाहेर जाण्याची वाट कमी-जास्त करणारा भाग. आकडा सांगता येतो. पण तो स्क्रू आत काय हलवतो, हे कळलं नाही तर दुसऱ्याचा आकडा आपल्या गाडीला लागू पडत नाही. म्हणून हे थोडं मागचं.

मला ही गोष्ट पहिल्यांदा समजली ती कुर्ल्यातल्या एका गॅरेजात, आणि तीही पॉवर व्हॉल्व्ह नसलेल्या गाडीवर. यामाहाची आरएक्स १००. १९८५ ते १९९६ अशी अकरा वर्षं ती नवी मिळत होती. ९८ सीसीतून ११ अश्वशक्ती. पोरं तिचा ब्लॉक, म्हणजे सिलिंडर, काढून पोर्टिंगला आणायची; पोर्टिंग म्हणजे त्यातल्या वायूच्या खिडक्या घासून मोठ्या करणं. उस्ताद तो ब्लॉक बल्बसमोर धरायचे, एक्झॉस्ट पोर्टच्या वरच्या कडेला सुईने बारीक रेघ मारायचे आणि मग त्या रेघेपर्यंत कानशीने घासायचे. जेमतेम मिलिमीटरभर. घासण्याआधी मात्र गिऱ्हाइकाला एक प्रश्न ठरलेला: "वर मिळेल ते खालून जाईल, चालेल ना?" तेव्हा सगळे हो म्हणायचे. नंतर सायनच्या पुलावर गाडी सुसाट जायची आणि दादरच्या गर्दीत सिग्नल टू सिग्नल पहिल्या गिअरमध्ये रडायची. पिकअप गेला म्हणून तक्रार घेऊन परत आलेल्याला उस्ताद ब्लॉक बदलण्यापलीकडे काही देऊ शकत नसत. घासलेलं ॲल्युमिनियम आणि लोखंड परत येत नाही.

पॉवर व्हॉल्व्हचा सगळा इतिहास उस्तादांच्या त्या प्रश्नाभोवती फिरतो.

टू-स्ट्रोकमध्ये जळलेला वायू बाहेर जाण्याची खिडकी, म्हणजे एक्झॉस्ट पोर्ट, ब्लॉकच्या भिंतीतच कापलेली असते आणि पिस्टन वर-खाली होताना ती उघडतो-झाकतो. खिडकीची वरची कड उंच असेल तर ती लवकर उघडते. जास्त आरपीएमला, म्हणजे इंजिन वेगाने फिरत असताना, वायू बाहेर पडायला पुरेसा वेळ मिळतो. पण कमी आरपीएमला तीच उंची नडते. स्फोटाचा जोर पिस्टनवर पूर्ण पडण्याआधीच निसटतो, आणि वर येणाऱ्या पिस्टनने खिडकी झाकेपर्यंत ताजं मिश्रणही बाहेर गळतं.

हे गळणं थांबवण्याची पहिली मोठी युक्ती सायलेन्सरच्या बाजूने आली. पोट फुगलेल्या, शेवटी निमुळत्या होणाऱ्या एक्झॉस्ट पाइपमध्ये दाबाची लाट टोकाला आपटून परत येते आणि बाहेर पडू पाहणारं मिश्रण पुन्हा सिलिंडरमध्ये ढकलते. पूर्व जर्मनीत त्शोपाउ इथल्या एमझेड कारखान्यात वाल्टर काडेन यांनी या लाटेचा अभ्यास करून १९६१ पर्यंत १२५ सीसीच्या रेसिंग इंजिनातून २५ अश्वशक्ती काढली. म्हणजे लिटरमागे २००. त्या काळात सुपरचार्जरशिवाय हे कुणाला जमलं नव्हतं. त्याच वर्षी सप्टेंबरमध्ये स्वीडनच्या ग्राँ प्रीमध्ये त्यांचा रायडर अर्न्स्ट डेगनर विश्वविजेतेपदाच्या उंबरठ्यावर असताना इंजिन बसलं, आणि तिथूनच तो पश्चिमेकडे निघून गेला. बर्लिनची भिंत उभी राहून जेमतेम महिना झाला होता. बायको-मुलांना मोटारीच्या डिकीत लपवून सीमेपार आणलं गेलं. काडेन यांची विद्या डेगनरबरोबर सुझुकीत पोचली आणि १९६२ मध्ये त्याने ५० सीसीचं विश्वविजेतेपद सुझुकीवर मिळवलं. तिथून ती सगळ्या जपानी कारखान्यांची झाली. काडेन यांना मात्र या सगळ्यातून काहीच मिळालं नाही, आणि टू-स्ट्रोकवर प्रेम करणाऱ्या माणसाला हे वाचताना आजही वाईट वाटतं.

पण या पाइपनेच नवा पेच उभा केला. पाइपची लांबी ठरलेली, लाटेचा वेगही साधारण ठरलेला. म्हणजे लाट बरोबर वेळेवर परत येणार ती आरपीएमच्या एका अरुंद पट्ट्यातच. त्या पट्ट्याच्या खाली गाडी मेल्यासारखी आणि पट्ट्यात शिरली की एकदम उसळणारी. रायडरने क्लच आणि गिअरवर कसरत करत त्या पट्ट्यात राहायचं. डांबरी ट्रॅकवर हे जमतं. ओल्या मातीत ती उसळी आली की मागचं चाक जागीच गरगरतं.

मग खिडकीची कडच हलती का ठेवू नये? यामाहाने हे करून दाखवलं. एक्झॉस्ट पोर्टच्या वरच्या बाजूला आडवा दंडगोल बसवला, त्याला एका अंगाने खाच. दंडगोल एका बाजूला फिरला की पोर्ट बुटका, दुसऱ्या बाजूला फिरला की उंच. १९७७ च्या फिनलंड ग्राँ प्रीमध्ये ५०० सीसीच्या वायझेडआरवर जॉनी चेकोट्टोने हा व्हॉल्व्ह घेऊन शर्यत जिंकली, आणि पुढच्या वर्षी केनी रॉबर्ट्सने त्याच घराण्याच्या गाडीवर पहिलं विश्वविजेतेपद मिळवलं. नाव पडलं वायपीव्हीएस, म्हणजे यामाहा पॉवर व्हॉल्व्ह सिस्टिम. "पॉवर" या शब्दामुळे आपल्याकडे पुष्कळांना वाटतं की हा व्हॉल्व्ह टर्बोसारखी जादा ताकद देतो. वरची ताकद पोर्ट आणि पाइप देतात. व्हॉल्व्ह ती ताकद मिळवताना खालून गमावलेला जोर परत आणतो.

मातीवर तो लगेच आला. १९८२ च्या वायझेड २५० या मोटोक्रॉस गाडीवर यामाहाने वायपीव्हीएस दिला, आणि बाकीच्यांना उत्तर शोधावं लागलं. होंडाने १९८४ मध्ये वेगळाच रस्ता धरला: पोर्टला हात न लावता एक्झॉस्टच्या तोंडाशी एक छोटी कोठडी जोडली, कमी आरपीएमला ती उघडी, जास्तीला बंद. अटॅक नावाची ही युक्ती लाटेची वेळ बदलत होती. दोनच वर्षांत सीआर २५०वर होंडाने ती सोडून पोर्टची उंची बदलणाऱ्या सरकत्या पट्ट्या घेतल्या. कावासाकीच्या किप्स नावाच्या व्यवस्थेत मुख्य पोर्टच्या बाजूची पोर्टं उघडणारे दंडगोल आणि कोठडी, दोन्ही एकत्र. रोटॅक्स या इंजिन कंपनीने तर एक्झॉस्ट वायूच्या दाबावरच फुगणारा पडदा वापरला.

आपल्याकडे काय होतं? १९८३ मध्ये युरोपातल्या शोरूममध्ये पाण्याने थंड होणारी, वायपीव्हीएसवाली यामाहा आरडी ३५० उभी होती. त्याच साली एस्कॉर्ट्सने भारतात राजदूत ३५० आणली, पण ती जुन्या, हवेने थंड होणाऱ्या आरडीवर बेतलेली. आधी ३०.५ अश्वशक्ती, नंतरच्या लो टॉर्क रूपात २७. युरोपातल्या गाडीची ताकद जवळपास दुप्पट होती. राजदूतवर माझं मनापासून प्रेम आहे, तरीही या एका बाबतीत आपली एक पिढी हुकली असं मला वाटतं. आपल्या मेकॅनिकांनी पोर्टिंग हाताने शिकलं, उत्तम शिकलं, पण हलता पोर्ट त्यांच्या हाताखालून गेलाच नाही. पुढे प्रदूषणाचे नियम कडक होत गेले आणि टू-स्ट्रोक मोटरसायकलीच शोरूममधून गेल्या. त्यामुळे आज बाहेरून आलेली गाडी उघडली जाते तेव्हा चांगला जाणता हातही त्या दंडगोलापाशी थबकतो.

आता स्क्रूकडे. यामाहाच्या आरडीवर दंडगोल फिरवायला विजेची छोटी मोटर होती. मातीवरच्या बहुतेक गाड्यांनी मात्र साधा गव्हर्नर पसंत केला: क्रँकने फिरणाऱ्या वाटीत पोलादी गोळ्या, फिरण्याच्या जोराने त्या बाहेर सरकतात, एक स्प्रिंग दाबतात आणि दांडीमार्फत व्हॉल्व्ह उघडतो. स्प्रिंगचा ताण ठरवतो की तो कुठल्या आरपीएमला उघडायचा. केटीएमच्या अनेक वर्षांच्या एन्ड्युरो मॉडेलांवर इंजिनाच्या उजव्या बाजूला तो ताण बदलण्याची सोय आहे, शिवाय तीन रंगांच्या स्प्रिंगा: पिवळी मधली, हिरवी मवाळ, लाल आक्रमक. ताण कमी केला की व्हॉल्व्ह लवकर उघडतो. फारच लवकर उघडला तर पाइप जागा होण्याआधीच पोर्ट उंच होतो आणि उस्तादांच्या घासलेल्या ब्लॉकसारखा खालचा दम जातो. ताण फार वाढवला तर खाली गाडी छान ओढते, पण मधेच कोंडल्यासारखी होते, जणू कुणी सायलेन्सरवर हात ठेवलाय. या दोन्हींच्या मधली जागा कानाने सापडते. तिसऱ्या गिअरमध्ये, एकाच चढावर, खालून सावकाश थ्रॉटल उघडत जायचं. एका वेळी पाव आटा, आणि मधे कार्ब्युरेटरच्या जेटला, म्हणजे पेट्रोलचं प्रमाण ठरवणाऱ्या भोकाला, हात लावायचा नाही. आधी जेटिंग, मग व्हॉल्व्ह.

त्याच्याही आधी साफसफाई. मी एक अख्खा रविवार स्क्रू आत-बाहेर करण्यात घालवला आहे आणि गाडीत तसूभर फरक पडला नव्हता. संध्याकाळी ब्लॉक उघडला तेव्हा दंडगोल काळ्या, चिकट थराने जागीच धरलेला. ऑइलचं प्रमाण जास्त आणि गाडी शहरात मंद गतीने चालवलेली, एवढंच कारण. आपल्या जुन्या स्कूटर आणि रिक्षांचे सायलेन्सर भट्टीत जाळून कार्बन काढायचे, तोच कार्बन. रॉकेल, जुना टूथब्रश आणि तासभर वेळ. थर निघाल्यावर दांडी बोटाने फिरवली आणि सोडली, तर ती टक्कन आपल्या जागी परत आली. तो आवाज ऐकू येईपर्यंत स्क्रूला हात लावू नये.

२०२३ च्या मोटोक्रॉस मॉडेलांपासून केटीएमने गोळ्या आणि स्प्रिंगा काढून व्हॉल्व्ह पुन्हा विजेच्या मोटरवर नेला, हँडलवरच्या बटणाने मॅप, म्हणजे इंजिनाची सेटिंग, बदलतो. आरडीवरची ती मोटर चाळीस वर्षांनी केटीएमच्या मातीवरच्या गाडीत उतरली. पण मुंबईत जास्त दिसतात त्या अजून जुन्याच, स्क्रूवाल्या. परवा ज्या मित्राने आट्यांचा आकडा विचारला त्याला मी आधी व्हॉल्व्हचं झाकण काढायला सांगितलं. दांडी अर्ध्यावर अडकली होती.