पोप जॉन पॉल दुसरे आणि विषारी वायूची अफवा

पोप जॉन पॉल दुसरे, म्हणजे कारोल वोयतिला, तरुणपणी नाझींना छळछावण्यांसाठी झायक्लॉन-बी हा विषारी वायू विकत होते, असा मजकूर वर्षानुवर्षे फिरतो आहे. तो धादांत खोटा आहे आणि संतापजनकही. दुसऱ्या महायुद्धात पोलंड ताब्यात घेतलेल्या जर्मनांनी, वोयतिला जिथे शिकत होते ते क्राकुफ शहराचं विद्यापीठ बंद पाडलं होतं. कामाचा दाखला नसलेल्या तरुणाला सक्तमजुरीसाठी जर्मनीत नेण्याची भीती होती. म्हणून १९४० साली वोयतिला सोल्वे कंपनीच्या दगडखाणीत मजुरीला लागले, पुढे तिच्याच सोडा कारखान्यात. तिथे खांद्यावर कावड घेऊन चुन्याच्या बादल्या वाहायच्या. विक्रीशी त्यांचा संबंधच नव्हता. रात्रपाळीत सवड मिळाली की ते पुस्तक उघडत. १९४२ पासून तर, नाझींनी पकडलं तर जिवावर बेतेल हे ठाऊक असूनही, ते धर्मगुरू होण्याचं शिक्षण लपूनछपून घेत होते.