स्ट्रिक्नीन

काजऱ्याच्या बियांत आढळणारे अत्यंत विषारी अल्कलॉइड (वनस्पतींत तयार होणारे नायट्रोजनयुक्त द्रव्य). शुद्ध स्ट्रिक्नीन रंगहीन, गंधहीन आणि स्फटिकरूप असते. रेणूत कार्बनचे २१, हायड्रोजनचे २२, नायट्रोजनचे २ व ऑक्सिजनचे २ अणू असतात. पाण्यात ते फारच थोडे विरघळते, क्लोरोफॉर्ममध्ये सहज विरघळते. त्याची सल्फेट, नायट्रेट ही लवणे मात्र पाण्यात बऱ्यापैकी विरघळतात. त्याचा कडूपणा असा जहाल, की दहा लाख भाग पाण्यात एक भाग मिसळला तरी जिभेला कळतो.

काजरा किंवा कुचला हा मध्यम उंचीचा वृक्ष कोकण, गोवा आणि पश्चिम घाटाच्या पायथ्याच्या रानांत सर्रास दिसतो. पाने समोरासमोर, चकचकीत, देठापासून निघालेल्या ठळक शिरांची. फळ पिकले की नारिंगी होते आणि लहान संत्र्यासारखे दिसते. मुलांना भुलवणारे आहे ते हेच. आत पांढरट, बुळबुळीत गर आणि त्यात काही बिया. बी चपटी, गोल, कोटाच्या बटणासारखी. तिच्यावर करड्या रेशमी लवेचे दाट आवरण असते, बोट फिरवले की ती मऊ लागते. धनेश पक्षी हा गर खातात, पण त्यावरून फळ माणसाला चालते असे समजू नये. वाळलेल्या बीत अल्कलॉइडांचे एकूण प्रमाण सुमारे अडीच ते तीन टक्के असते. त्यातले निम्म्याच्या आसपास स्ट्रिक्नीन, उरलेले मुख्यतः ब्रूसीन. ब्रूसीन पुष्कळ सौम्य, तरी विषारीच. याच प्रजातीतल्या निवळीच्या बिया मात्र गढूळ पाणी निवळण्यासाठी पूर्वापार वापरल्या जातात. दोन्ही बियांचे हे नाते लक्षात ठेवावे आणि त्यांची गल्लत होऊ देऊ नये.

पॅरिसमधील पेल्तिये आणि काव्हाँतू या औषधनिर्मात्यांनी १८१८ मध्ये काजऱ्याच्याच एका भाईबंदाच्या बियांतून स्ट्रिक्नीन वेगळे केले. दोनच वर्षांनी याच जोडीने क्विनीन शोधले. रेणूची रचना उलगडायला मात्र सव्वाशेहून अधिक वर्षे गेली. एकमेकांत गुंतलेली सात वलये एवढ्याशा रेणूत बसलेली, त्यामुळे रॉबर्ट रॉबिन्सन यांच्यासारख्या रसायनशास्त्रज्ञाची अनेक वर्षे त्यात गेली. १९५४ मध्ये अमेरिकेतील रॉबर्ट वुडवर्ड यांनी ते प्रयोगशाळेत संश्लेषित केले. कार्बनी रसायनशास्त्रातला तो मानाचा टप्पा समजला जातो.

विषक्रिया मुख्यतः मज्जारज्जूत घडते. स्नायूंना आकुंचनाचा आदेश देणाऱ्या चेतापेशींना लगाम घालण्याचे काम ग्लायसीन हे द्रव्य करते. ग्लायसीन ज्या ग्राहीवर (पेशीवरील संदेश घेणाऱ्या जागेवर) बसायचे तिथे स्ट्रिक्नीन ठाण मांडते आणि लगाम सुटतो. मग दार आपटल्याचा आवाज, डोळ्यांवर पडलेला उजेड, अंगाला झालेला नुसता स्पर्शही सर्वांगाला झटका आणायला पुरतो. धनुर्वातात दिसणारे चित्र जवळजवळ असेच असते, कारण तिथेही हाच लगाम तुटतो: धनुर्वाताचे विष ग्लायसीन बाहेर पडूच देत नाही, स्ट्रिक्नीन बाहेर पडलेल्याला कामाला लागू देत नाही. फरक ओळखायचा तो वेगावरून. धनुर्वात काही दिवसांत वाढत जातो आणि त्यात जबडा आधी आखडतो. स्ट्रिक्नीनची लक्षणे बहुधा पंधरा-तीस मिनिटांत सुरू होतात आणि दोन झटक्यांच्या मधे स्नायू सैल पडतात.

सुरुवातीला अस्वस्थपणा, मानेत व चेहऱ्यात ताठरपणा जाणवतो. मग पाठ कमानीसारखी वाकते आणि ओठ ताणून दात दिसू लागतात. या विषाचे सर्वांत क्रूर अंग हे, की झटके चालू असताना रुग्ण बहुधा पूर्ण शुद्धीवर असतो. वेदनाही कळतात आणि काय होते आहे तेही कळते. म्हणून त्याच्या उशाशी रडारड, प्रश्नांचा भडिमार करणे हे निर्दयपणाचे तर आहेच, पुढचा झटका आणणारेही आहे. छातीचे स्नायू आखडून श्वास कोंडतो, ताप चढतो, स्नायूंच्या पेशी फुटून मूत्रपिंडे निकामी होऊ शकतात. मृत्यू बहुतेक वेळा श्वास बंद पडल्याने येतो.

यावर खास उतारा नाही, उपचार मात्र आहेत आणि ते प्रभावी आहेत. डायझेपामसारखी औषधे झटके आवरतात. गरज पडल्यास स्नायू पूर्ण शिथिल करून कृत्रिम श्वास दिला जातो. पहिले चोवीस तास निभावलेले रुग्ण बहुधा पूर्ण बरे होतात. म्हणून बी चावल्याची वा पावडर पोटात गेल्याची नुसती शंका आली तरी लक्षणांची वाट न पाहता १०८ ला फोन करावा. घरी मीठपाणी पाजून उलटी काढू नये; त्या धडपडीनेच झटका येतो आणि उलटी श्वासनलिकेत जाते.

एकोणिसाव्या शतकात आणि विसाव्याच्या पूर्वार्धात स्ट्रिक्नीन भूक वाढवणाऱ्या, ‘ताकदीच्या’ औषधांत घातले जाई. १९०४ च्या सेंट लुइस ऑलिंपिकमध्ये मॅरेथॉन जिंकणाऱ्या थॉमस हिक्सला वाटेत ते ब्रँडी आणि अंड्याच्या पांढऱ्या बलकासह दिले गेले होते. शर्यत संपताच तो कोसळला. आज ते खेळाडूंना बंदी असलेल्या उत्तेजकांत मोडते. उपयुक्त मात्रा आणि घातक मात्रा यांत अंतरच नसल्याने आधुनिक वैद्यकाने ते सोडले, आणि ते योग्यच झाले. आयुर्वेदात कुचला उपविषांत, म्हणजे दुय्यम विषांत, गणला जातो. बिया गोमूत्र, दूध, तूप यांत शोधन केल्याखेरीज वापरायच्या नाहीत असा दंडक आहे. शोधनाने विष कमी होते, संपत नाही. भारतीय औषध नियमावलीच्या विषारी द्रव्यांच्या अनुसूचीतही कुचला आहे. सांधेदुखीवर ऐकीव माहितीने बी उगाळून घेणे हा जिवाशी खेळ आहे.

उंदीर-घुशींसाठी आणि भटक्या कुत्र्यांसाठी हे विष जगभर वापरले गेले. भारतात अनेक नगरपालिका कुत्र्यांना ते खाऊ घालत. २००१ च्या प्राणी जन्मनियंत्रण नियमांनी मारण्याऐवजी नसबंदीचा मार्ग घालून दिला. युरोपीय संघाने २००६ मध्ये विषारी आमिष म्हणून त्याचा वापर थांबवला. आमिष खाऊन मेलेला प्राणी दुसऱ्याने खाल्ला तर त्यालाही विष बाधते, त्यामुळे एका आमिषाचे बळी मोजता येत नाहीत. स्ट्रिक्नीन सहजी कुजत नाही. पुरलेल्या प्रेतातही ते दीर्घकाळ सापडते. तीव्र सल्फ्युरिक आम्लात विरघळवून पोटॅशियम डायक्रोमेटचा कण फिरवला की जांभळी छटा उमटते आणि हळूहळू लालसर होत जाते. न्यायवैद्यक प्रयोगशाळांत या जुन्या चाचणीची जागा आता वर्णलेखन (क्रोमॅटोग्राफी) आणि द्रव्यमान-वर्णपटमापन (मास स्पेक्ट्रोमेट्री) यांनी घेतली आहे.