स्नोशूची वीण: वादी, तात आणि नायलॉन

घरी स्नोशू, म्हणजे भुसभुशीत बर्फात पाय रुतू नये म्हणून बुटाखाली बांधायची विणलेली रुंद चौकट, बनवणाऱ्यापुढे आज तीन वाटा आहेत: ॲश या झाडाच्या लाकडाची चौकट आणि कातड्याची वीण, तीच चौकट पण नायलॉनची वीण, किंवा ॲल्युमिनियमच्या नळीवर ताणून बसवलेला कृत्रिम साहित्याचा सलग पडदा. नंतरच्या दोन वाटा एकाच अडचणीतून फुटल्या. ओल लागली की कातड्याची वीण सैल पडते.

इटली-ऑस्ट्रिया सीमेवरच्या गुर्गलर आइसयोख हिमनदीवर, ३,१३४ मीटर उंचीवर, २००३ मध्ये बर्च लाकडाचा एक स्नोशू सापडला. तो इ.स.पू. ३८०० ते ३७०० या काळातला ठरला. वाकवलेली काठी आणि तिच्यावर आडवी बांधलेली दोरी, इतकाच तो आहे. तीन दिशांनी जाणारी, षटकोनी भोकांची जी वीण आज स्नोशूची ओळख आहे, ती मात्र उत्तर अमेरिकेच्या जंगलांतल्या मूळ रहिवाशांनी पूर्णत्वाला नेली. युरोपातून आलेल्यांनी ती त्यांच्याकडून उचलली, सैन्यांनीही वापरली, आणि १८४० च्या दशकात माँट्रिऑलमध्ये स्नोशूंचे क्लबही निघाले.

या विणीच्या साहित्याला सर्रास ‘तात’ म्हटले जाते. घरी विणणाऱ्याचे सर्वांत जास्त नुकसान या एका शब्दाने केले आहे. तात आतड्यापासून बनते. स्नोशूत वापरतात ती वादी, म्हणजे कातड्याची लांब पट्टी. फ्रेंचमध्ये स्नोशू आणि टेनिसची रॅकेट यांना एकच शब्द आहे आणि रॅकेट तातीने विणली जात असे, त्यामुळे घोटाळा आणखी वाढतो. कॅनडात या वादीला ‘बाबिश’ म्हणतात. तो शब्द तिथल्या मूळ रहिवाशांच्या मिकमॅक भाषेतून फ्रेंचमार्गे आला आणि त्याचा मूळ अर्थ नुसता दोरा. म्हणून काही जण आता नायलॉनच्या दोरीलाही बाबिश म्हणू लागले आहेत. ते टाळलेलेच बरे, कारण दोन्हींची विणण्याची रीत उलटी आहे.

वादीसाठी कातडे लागते, चामडे नाही. कमावलेले चामडे भिजले की ताणते आणि ताणलेलेच राहते. न कमावलेले कातडे भिजल्यावर लवचीक होते आणि वाळताना आखडून कडक होते. मूस, कॅरिबू (दोन्ही उत्तरेकडची मोठी हरणे) किंवा गाईचे कातडे राख वा चुन्याच्या पाण्यात मुरवून केस सुटे करतात आणि दोन्ही बाजू खरवडतात. मग गोल तुकडा घेऊन कडेपासून आत चकलीसारखी एकसंध वादी कापत जातात. पुढच्या आणि मागच्या भागाला बारीक, साधारण ३-४ मिमीची, आणि पाऊल टेकते त्या मधल्या भागाला त्याच्या दुपटीने रुंद. वीण पूर्ण होईपर्यंत वादी ओली हवी. ओढायची हाताच्या जोरानेच, पक्कड लावून नाही. फार ओढली तर वाळताना आडव्या पट्ट्या वाकतात आणि चौकट पिळते. शेगडीजवळ वाळवली तर वादी तडकते. नायलॉन वाळून आखडत नाही, त्यामुळे तिथे पहिल्या फेऱ्यापासूनच पूर्ण ताण द्यावा लागतो, गाठी सुटू नयेत म्हणून वार्निश पाजावे लागते. कातड्याच्या सवयीने विणलेला नायलॉन पहिल्याच दिवशी झोळीसारखा लोंबतो.

चौकटीत फारसा बदल झालेला नाही. सरळ रेषांचे (धाग्यांचे) ओले ॲश करवतीने न कापता पाचर मारून फाडायचे. रेषा कडेला बाहेर निघत असेल तर पट्टी नेमकी नाकाच्या, म्हणजे पुढच्या टोकाच्या, वळणावर मोडते, म्हणून तिथे ती थोडी पातळही करतात. २५ मिमी जाडीला तासभर वाफ द्यायची आणि बाहेर काढल्यावर मिनिटभरात साच्यावर वळवायची. भट्टीत वाळवलेले लाकूड या कामी ठिसूळ पडते.

विसाव्या शतकाच्या मध्यानंतर गोष्टी झपाट्याने बदलल्या. लष्करांनी मॅग्नेशियमची चौकट आणि नायलॉन चढवलेली पोलादी तार आणली. पाणी न पिणाऱ्या निओप्रीनच्या (कृत्रिम रबराच्या) पट्ट्या आल्या आणि वादी उंदरांनी कुरतडण्याची, दरवर्षी वार्निश देण्याची कटकट संपली. १९७० च्या दशकात अमेरिकेच्या वायव्य भागात ॲल्युमिनियमची नळी, सलग पडदा आणि तळाला दाते असा आखूड स्नोशू घडला. कडक, उताराच्या बर्फावर तो निर्विवाद सरस आहे. पण खोल, भुसभुशीत, कोरड्या बर्फात लांब शेपटीचा विणलेला स्नोशू अजूनही त्याच्यापेक्षा चांगला तरंगतो, आणि विणीतून बर्फ खाली गळून जातो.

स्नोशू पायाला बांधण्याच्या पट्ट्यांचा, म्हणजे बांधणीचा, इतिहास त्या मानाने साधा आहे. दुकानातल्या चामड्याच्या पट्ट्यांपेक्षा कंदिलाची सुती वात जास्त टिकली. सुमारे २.५ सेंमी रुंदीची वात बोटांसाठी विणीत नाकाकडे ठेवलेल्या भोकाच्या दोन्ही बाजूंनी विणीतून ओवून बोटांवर पट्टा करायचा, टोके टाचेमागे नेऊन बांधायची. एकदा जमली की हातमोजे न काढता, नुसते पाऊल पिळून स्नोशू घालता-काढता येतो. ओल्या बर्फात वात गोठून काठीसारखी होते, म्हणून पुढे ट्रकच्या जुन्या ट्यूबचे पट्टे आले. त्यांना बर्फ चिकटत नाही, पण कडाक्याच्या थंडीत रबर ताठरते. बांधणी कुठलीही असो, टाच मोकळी उचलली गेली पाहिजे आणि बोटे भोकातून खाली उतरली पाहिजेत. पाऊल पुढे सरकले तर बोटे आडव्या पट्टीवर आपटतात. मागे सरकले तर शेपटी खाली झुकत नाही आणि नाक बर्फात घुसते.

आता अडचण लाकडाचीच आहे. ॲशची साल आतून पोखरणारा आशियातला हिरवा भुंगा २००२ मध्ये मिशिगनमध्ये आढळला आणि तेव्हापासून उत्तर अमेरिकेतील ॲशची झाडे मोठ्या संख्येने मेली आहेत. जिथे सरळ ॲश मिळत नाही तिथले कारागीर बर्च आणि टॅमरॅक या झाडांच्या लाकडाकडे वळतात. उत्तरेकडच्या क्री या मूळ रहिवाशांचे कारागीर ही लाकडे पूर्वीपासूनच वापरत आले आहेत.