रिबन माइकच्या बहिऱ्या बाजू

गणपतीच्या मांडवात माइक हाती आला की माणूस आधी दोनदा 'फू फू' करतो, मग जाळीवर टिचकी मारतो आणि मग म्हणतो, 'हॅलो, हॅलो'. मांडवातला डायनॅमिक माइक हे सगळं निमूट सोसतो. रिबन माइक असता तर पहिल्याच फुंकरीत आतली पट्टी ताणली गेली असती, कदाचित फाटलीही असती. ही पट्टी अ‍ॅल्युमिनियमची, जाडीला साधारण २ मायक्रॉन. स्वयंपाकघरातली फॉइल तिच्या पाचपट तरी जाड भरेल.

डायनॅमिक माइकमध्ये पडद्याला तारेचं वेटोळं चिकटवलेलं असतं आणि पडद्याला ते ओझं हलवावं लागतं. रिबनमध्ये पडदाही तीच पट्टी आणि तारही तीच. साडीच्या निऱ्यांसारख्या बारीक चुण्या पाडून ती चुंबकाच्या दोन ध्रुवांमध्ये सैलसर टांगतात. हवा हलली की पट्टी हलते आणि पट्टीतच वीज निर्माण होते. जर्मनीत शॉट्की आणि गेरलाख यांनी १९२०च्या दशकात ही कल्पना मांडली. पुढच्या दशकात अमेरिकेत हॅरी ओल्सन यांच्या कामातून आरसीए कंपनीचे प्रसिद्ध रेडिओ माइक आले.

घरच्या स्टुडिओसाठी रिबन घ्यायचा विचार सुरू झाला की सगळे त्याच्या 'उबदार' आवाजाबद्दल बोलतात. वरच्या सुरांतला कर्कशपणा तो सौम्य करतो हे खरंच आहे. पेटीच्या सुरांना आणि टाळांना ते मानवतंही. पण माझ्या मते पैसे मोजायचे ते त्याच्या बहिऱ्या बाजूंसाठी.

पट्टी पुढून आणि मागून, दोन्हीकडून उघडी असते. समोरून आलेला आवाज पुढच्या अंगाला आधी पोचतो, मागच्या अंगाला जरा उशिरा. दाबातल्या या फरकानं पट्टी हलते. मागून आलेल्या आवाजाचंही तसंच. मात्र बाजूनं आलेला आवाज दोन्ही अंगांवर एकाच वेळी, सारखाच दाब देतो आणि पट्टी जागची हलत नाही. ऐकण्याचा आकार इंग्रजी आठच्या आकड्यासारखा होतो. गंमत अशी की बहिरेपण फक्त डावी-उजवीकडे नसतं, वर आणि खालीही असतं. फ्लॅटच्या नऊ-दहा फुटांवरच्या स्लॅबवरून परतणारा आवाज त्यामुळे बराच कमी होतो.

स्वतःच पेटी वाजवत गाणाऱ्यासाठी याचा झकास उपयोग आहे. स्टँडच्या आडव्या दांडीला माइक उभा लावा, अगदी पेटीच्या डोक्यावर, तोंडाच्या उंचीला. गळा समोर येतो, पेटी बरोबर खाली, म्हणजे बहिऱ्या बाजूला. पेटी रुंद असते, शिवाय तिचा आवाज भिंतींवरूनही येतो, त्यामुळे ती पूर्ण गायब होणार नाही. पण गळा आणि पेटी वेगवेगळ्या पातळीवर ठेवायला हातात काहीतरी उरतं. रस्त्याकडची खिडकीही अशीच बाजूला घ्यावी.

अडचण आहे ती माइकच्या पाठीमागे. तिकडचंही तो समोरच्या इतकंच ऐकतो. मागे मीटरभरावर उघडी भिंत असेल तर परतलेला आवाज सुमारे ६ मिलिसेकंदांनी मूळ आवाजात मिसळतो आणि गाणं डब्यात बसून म्हटल्यासारखं वाटतं. त्या भिंतीवर जाड गोधडी टांगा, किंवा माइक भिंतीपासून दूर घ्या. मागचं ऐकणंच नको असेल तर बायरडायनॅमिक एम १६० सारखे एकाच दिशेकडे झुकलेले रिबनही मिळतात.

आता प्रीअ‍ॅम्प, म्हणजे माइकमधून आलेला सिग्नल वाढवणारा भाग. पट्टीतला विद्युतदाब इतका क्षीण असतो की माइकच्या पोटातला ट्रान्सफॉर्मर तो आधी वाढवतो. तरीही ९४ डेसिबलच्या आवाजाला साध्या, म्हणजे पॅसिव्ह, रिबनमधून बहुधा एक-दोन मिलिव्होल्टच मिळतात. स्टुडिओतला नेहमीचा कंडेन्सर माइक सहज दहापट देतो. हळुवार गायकीसाठी ६० ते ७० डेसिबल गेन, म्हणजे सिग्नलची वाढ, लागते आणि स्वस्त इंटरफेस (माइक कॉम्प्युटरला जोडणारी डबी, प्रीअ‍ॅम्प हिच्यातच असतो) तिथे खरखरू लागतो. म्हणून खरेदीआधी इंटरफेसचा कमाल गेन बघा. तो ५० च्या आसपास असेल तर मध्ये छोटा बूस्टर जोडा, नाहीतर अ‍ॅक्टिव्ह, म्हणजे आतच अ‍ॅम्प्लिफायर असलेला, रिबन घ्या. बूस्टर आणि अ‍ॅक्टिव्ह रिबन या दोघांनाही ४८ व्होल्टची फँटम पॉवर, म्हणजे इंटरफेसनं माइकच्या केबलमधूनच पुरवलेली वीज, लागते. पॅसिव्ह रिबन थेट जोडलेला असेल तर मात्र ती बंद ठेवा. केबल धड असेल तर सहसा काही बिघडत नाही, पण सदोष केबलमधून धक्का बसला की पट्टी ताणली जाते.

रेकॉर्डिंगच्या वेळी पंखा बंद. 'फ' आणि 'भ' यांच्या फुंकरीसाठी पॉप फिल्टर लावा आणि तोंड हातभर दूर ठेवा. जवळ गेलात तर खर्ज नको तितका फुगतो. काम झालं की माइक उभाच ठेवायचा, कारण आडवा पडून राहिला तर पट्टी स्वतःच्याच वजनानं हळूहळू ओघळते. आणि त्याच्या खोक्याचं झाकण अलगद लावा. धाडकन लावलं तर आत कोंडलेली हवा तेच करते, जे मांडवात आपण 'फू' म्हणत करतो.